फँटम काढणारे हात : १९३६ पासून चालू असलेली पट्टी आणि तिचे चित्रकार

दौतटाक

इंद्रजालवर, म्हणजे आपल्याकडे फँटमच्या कथा छापणाऱ्या जुन्या चित्रकथा-मासिकावर, इथे चिक्कार धागे निघाले आहेत. कवटीची गुहा, जबड्यावर उमटणारा अंगठीचा ठसा, फँटमचा मित्र गुरन, प्रेयसी डायना, सगळ्यांच्या आठवणी निघतात. हे सगळं ज्यांनी कागदावर उतरवलं त्यांची नावं मात्र शोधून सापडत नाहीत. फार तर 'ली फॉक' एवढं येतं. फॉक लेखक होता, चित्रं त्याची नव्हतीच. म्हणून हा धागा फक्त चित्रकारांसाठी.

सनावळी आधी उरकून घेतो. वर्तमानपत्रातली दैनिक पट्टी १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, अमेरिकेतल्या किंग फीचर्स सिंडिकेटमार्फत (सिंडिकेट म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणारी कंपनी). रविवारची रंगीत पट्टी २८ मे १९३९ पासून. दोन्हींच्या कथा वेगळ्या: सोमवार ते शनिवार एक गोष्ट चालू आणि रविवारी भलतीच. दोन्ही आजही चालू आहेत. सुपरमॅन आला १९३८ ला, बॅटमॅन १९३९ ला. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळांशिवायचे पांढरे डोळे घेऊन फँटम त्या दोघांच्याही आधी उभा होता.

फॉकने त्यापूर्वी १९३४ मध्ये मँड्रेक या जादूगाराची पट्टी सुरू केली होती. त्याच्या नमुन्याच्या पट्ट्या त्याने स्वतः काढल्या आणि मग शहाण्यासारखं काम फिल डेव्हिसकडे सोपवलं. डेव्हिसच्या हाताखाली रे मूर नावाचा मदतनीस होता. फँटमच्या वेळी फॉकने त्यालाच उचललं.

मूरचा फँटम अंधारातला आहे. सडपातळ, जवळजवळ किडकिडीत म्हणावा असा. अर्धा चेहरा शाईत बुडालेला आणि उजेड-काळोखाच्या सीमेवर ब्रशच्या बारीक रेघांची झालर. पहिल्या कथेत जंगल कमी, समुद्र, जहाजं आणि शहर जास्त. त्यात जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत रिकामटेकडा तरुण आहे. फॉकच्या मनात फँटम म्हणजे हाच निघणार होता. कथा चालू असतानाच त्याचा विचार बदलला, फँटमच्या मागे बापाकडून मुलाकडे चालत आलेल्या गादीचा, पिढ्यान् पिढ्यांचा इतिहास जोडला गेला आणि जिमी बिचारा तसाच लोंबकळत राहिला. रोजच्या रोज छापून जाणाऱ्या गोष्टीत मागे जाऊन खोडता येत नाही, त्याचा हा उत्तम नमुना.

१९४२ मध्ये मूर युद्धावर गेला तेव्हा काम त्याच्या मदतनिसाकडे, विल्सन मकॉयकडे आलं. मूर परतल्यावरही पूर्वीसारखं जमलं नाही आणि ते दशक संपेपर्यंत पट्टी पूर्णपणे मकॉयची झाली. १९६१ मध्ये मकॉय वारला. मधले काही महिने बिल लिग्नांतेने सांभाळले आणि मग आला साय बॅरी, तो थेट १९९४ पर्यंत.

माझं म्हणणं एवढंच, की 'माझा लहानपणीचा फँटम' असं म्हणताना आपण खरं तर एका विशिष्ट चित्रकाराचं नाव घेत असतो, फक्त ते आपल्याला ठाऊक नसतं. आपल्याकडच्या बहुतेकांच्या बाबतीत ते नाव साय बॅरी. तुमचा कोणाचा?

---

अडाणीप्रश्न

मला तर वाटायचं एकच माणूस काढतो सगळं. बाबांच्या जुन्या बांधीव गठ्ठ्यात एका अंकात फँटम पहिलवान आणि दुसऱ्यात बाहुल्यासारखा दिसतो. छपाईचा दोष असेल असं समजून सोडून दिलं होतं. मग तो बाहुला कोणाचा?

---

किरकिऱ्या

तो बाहुला मकॉयचा. आणि बाहुला हा शब्द तुम्ही फार प्रेमाने वापरलात. मूरनंतर मकॉय म्हणजे तालमीतून थेट पाटावर. हात लाकडी, घोडा लाकडी, मागचं झाड तेवढं खरोखर लाकडाचं असून लाकडासारखं दिसत नाही. ठोसा मारला तर समोरचा हवेत आडवा तरंगतो. इंद्रजालच्या सुरुवातीच्या अंकांमध्ये याच माणसाच्या कथा होत्या. तरीही मासिक चाललं हे ली फॉकच्या गोष्टींचं श्रेय.

---

निळीशाई

किरकिऱ्या, दरवेळी मकॉयला झोडपायचं हे आता जुनं झालं हो. मी चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे थोडं त्याच्या बाजूने बोलते.

मकॉयचं एक पान घ्या आणि दोन हात लांब धरा. काय चाललंय ते लगेच कळतं. कोण कुठे उभा आहे, बंदूक कोणाच्या हातात आहे, दार कुठल्या बाजूला आहे. एका चौकटीत दोन माणसं, एक काळा आकार, बाकी पांढरं. मूरचं पान लांब धरलं तर सुंदर अंधार दिसतो. रविवारच्या अख्ख्या पानात तो शोभतो. पण रोजची पट्टी केवढी? आणि ती दिवसेंदिवस लहान होत गेली. दुसऱ्या महायुद्धात कागदाचा तुटवडा पडला तेव्हा वर्तमानपत्रांनी पट्ट्या आखडल्या आणि युद्ध संपल्यावर ती जागा परत दिली नाही. त्या चिंचोळ्या जागेत तीन चौकटी, प्रत्येकीत संवादाचा फुगा, वर निवेदनाचा डबा. उरलेल्या बोटभर जागेत फँटम आणि त्याचा घोडा बसवायचा. तिथे झालर काढत बसलात तर काळा गोळा होतो.

मकॉयची शरीररचना कच्ची आहे, हे मान्य. त्याचे पंजे तर मलाही बघवत नाहीत. पण गोष्ट सांगण्यात तो कच्चा नव्हता. फॉकच्या उत्तम कथांपैकी कितीतरी त्याच काळातल्या आहेत, आणि त्या मुलांना समजल्या त्या याच साध्या रेषेमुळे.

---

छापखाना_जुना

निळीशाईताई बरोबर बोलल्या. त्यात छपाईची बाजू जोडतो, कारण शिशाचे खिळे जुळवून छापायच्या जमान्यात उमेदवारी केलेली माणसं इथे कमीच असतील.

त्या काळी सिंडिकेट मूळ चित्र पाठवत नसे. पाठवायचं ते मॅट. म्हणजे कागदाच्या लगद्याचा जाड पुठ्ठा, त्यावर दाबून चित्राचा खोलगट साचा उठवलेला. वर्तमानपत्राच्या छापखान्यात त्या पुठ्ठ्यावर वितळलेलं शिशाचं मिश्रण ओतायचं, गार झालं की पट्टीचा ठोकळा हातात. तो तासून पानात बसवायचा. आता विचार करा, ब्रशची केसाएवढी रेघ आधी साच्यात, मग शिशात, मग त्या खरबरीत कागदावर. प्रत्येक पायरीला थोडी जाड होणार. जवळजवळ काढलेल्या दोन रेघांमध्ये शाई भरली की दोहोंची एकच. पाचपन्नास हजार प्रतींनंतर ठोकळा झिजला की वेगळाच चेहरा. कोणाच्या नाकाला काय झालं हे चित्रकाराला कळायचंही नाही.

म्हणून पट्टी काढणारे मूळ चित्र मोठ्या आकारात काढत आणि ते लहान करून छापलं जाई. छोटं झाल्यावर काय टिकेल हे ज्याच्या बोटांना कळतं तो खरा पट्टीवाला. मकॉयला ते कळत होतं. बॅरीला तर फारच.

---

दौतटाक

वा, छापखानाकाका! यासाठीच धागा काढला.

आता बॅरीवर येतो. साय बॅरीचा जन्म १९२८ चा. त्याचा थोरला भाऊ डॅन बॅरी 'फ्लॅश गॉर्डन'ची पट्टी काढायचा. साय स्वतः कॉमिक बुकांच्या धंद्यात शाईकाम करून तयार झालेला. शाईकाम म्हणजे दुसऱ्याच्या पेन्सिलच्या रेषांवर शाई चढवणं. ऐकायला दुय्यम वाटतं, पण छापलं जातं ते शाईचंच. कापड कुठे ताणलंय, कातडी कुठे चमकते, लाकूड कुठलं आणि दगड कुठला, हे शाईवाला ठरवतो.

बॅरीच्या फँटमच्या दंडाकडे पाहा. पोशाखावर तो रेघा फार कमी काढतो. खांद्याच्या गोलाईवर एक जाड-बारीक होत जाणारी रेघ, बगलेत काळ्याचा एक तुकडा, बस्स. ताकद त्या एका रेघेच्या जाडीत आहे. आणि मागचं जंगल मात्र भरगच्च: वेली, मुळं, पाण्यातली प्रतिबिंबं. माणूस मोकळा आणि जंगल दाट, त्यामुळे इवल्या चौकटीतही तो उठून दिसतो. मकॉयची स्पष्टता आणि मूरचं वातावरण, दोन्ही त्याने एकाच कागदावर आणलं.

एक बाब मात्र सांगायलाच हवी. आठवड्याला सहा दैनिक पट्ट्या आणि एक रविवारचं पान, असं तीस-बत्तीस वर्षं, हे एकट्या माणसाचं काम नव्हे. बॅरीकडे मदतनिसांचा ताफा होता. जॉर्ज ओलेसन पेन्सिल करायचा, तेही वर्षानुवर्षं. आंद्रे लब्लाँ यानेही बराच हातभार लावला. पट्टीवर नाव मात्र फॉक आणि बॅरी एवढंच. अमेरिकेतल्या पट्ट्यांच्या धंद्यात हे सर्रास चालायचं आणि कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला मात्र वाटतं. ज्याच्या फँटमवर आपण पोसलो त्याची पेन्सिल अनेकदा ओलेसनची होती आणि आपल्याला त्याचं नाव कळलं ते बॅरी निवृत्त झाल्यावर.

---

अडाणीप्रश्न

म्हणजे मूरचा मदतनीस मकॉय पुढे मुख्य झाला, बॅरीचा मदतनीस ओलेसन पुढे मुख्य झाला. गादी चालवणं नुसतं कथेतच नव्हतं तर!

---

किरकिऱ्या

आलं, हे वाक्य येणारच होतं. फँटमवरच्या प्रत्येक लेखात कोणीतरी हा शोध लावतो.

लिग्नांतेवर दोन ओळींत फुली मारलीत ते मात्र पटलं नाही. त्या मधल्या काळात त्याने केलेलं काम नीटस होतं. पुढे हा माणूस अमेरिकन टीव्हीच्या बातम्यांसाठी कोर्टात बसून खटल्यांची चित्रं काढायचा, कारण कोर्टात कॅमेऱ्याला मनाई. आरोपी, वकील, साक्षीदार, सगळे बघता बघता कागदावर. असा हात असलेल्या माणसाला पट्टी कायमची मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात येतो. पण मिळाली बॅरीला. आणि बॅरीबद्दल मी किरकिर करणार नाही, याची नोंद घ्यावी.

---

रानवाट

धागा छान चाललाय, म्हणून थोडा मिठाचा खडा टाकते. चित्रकारांची चर्चा करताना ते काय काढत होते हेही बघायला हवं ना?

गोरा माणूस, जंगलात सिंहासनावर, चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे सत्ता, आणि भोवती त्याला अमर समजणारे काळे-सावळे लोक. सुरुवातीच्या पट्ट्यांमधले बांदार, म्हणजे फँटमच्या जंगलातली जमात, बघा. जाड ओठ, गोल डोळे, सगळ्यांचे चेहरे एकसारखे. फँटमला नाक-डोळे आहेत, त्यांना नुसता साचा आहे. आणि गंमत म्हणजे आधी हे सगळं घडायचं आशियाच्या आसपास कुठेतरी. फँटमच्या देशाचं नाव तेव्हा आताचं बंगाल्ला नव्हतं, 'बेंगाली' होतं, समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग'. मागाहून हळूहळू देश आफ्रिकेत सरकला. वाघ मात्र गोष्टीत राहिले, कारण फॉकला वाघ आवडत असावेत!

आपल्याकडे इंद्रजाल छापताना टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी ही नावं सरळ बदलली. बंगाल्लाचं डेंकाली झालं आणि सिंगचं सिंगा. नाहीतर पंजाबात अंक कोणी विकत घेतला असता?

---

किरकिऱ्या

अहो, लहान मुलांची चित्रकथा ती. तिथेही वसाहतवाद?

---

रानवाट

लहान मुलांचीच, म्हणून तर. आणि मी वाचू नका म्हणत नाहीये, मी स्वतः पारायणं केली आहेत. उलट माझा मुद्दा चित्रकाराच्या बाजूचा आहे, ऐकून तरी घ्या.

बॅरीच्या काळात हे बदललेलं दिसतं. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते. फॉकने बंगाल्लाला निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष दिला, डॉक्टर लमांडा लुआगा. जंगल गस्तीचा कर्नल वोरुबू आला. डायना संयुक्त राष्ट्रांत नोकरी करू लागली. फॉकने हे लिहिलं, पण वाचकाला ते पटलं बॅरीमुळे. लुआगाचा चेहरा बघा: कपाळावरच्या आठ्या, थकलेले डोळे, नीट शिवलेला कोट. तो साचा नाही, माणूस आहे. गुरनलाही म्हातारपण आणि मिश्किलपणा मिळाला. आधीच्या दोघांच्या तुलनेत हा फरक डोळ्यांत भरतो. पट्टीतली जुनी मांडणी तशीच राहिली, राजा गोराच राहिला. तरी चेहरे देणं हे काम चित्रकाराने केलं.

आणि एक. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, वाहगी खोऱ्यात, लोकांनी लढाईच्या ढालींवर फँटम रंगवला. त्या ढाली आज संग्रहालयांत आहेत. न मरणारा माणूस ढालीवर असावा हे त्यांना सोयीचं वाटलं. तिथे तो गोरा आहे की कोण, याची फिकीर कोणी केलेली दिसत नाही.

---

निळीशाई

ढालींचं मी पाहिलंय फोटोत. मुखवटा आणि पट्ट्यापट्ट्यांची चड्डी एवढ्यावर ओळख पटते. कुठल्याही चित्रकाराला हेवा वाटेल अशी रचना आहे ती. धड काढता न येणाऱ्यानेही काढली तरी फँटमच दिसतो.

रंगाचा किस्सा कोणी सांगितलाच नाही. फॉकच्या डोक्यात पोशाख करडा होता. जंगलातल्या भुताला शोभेल असा. दैनिक पट्टी काळी-पांढरी, त्यामुळे तीन वर्षं प्रश्नच आला नाही. १९३९ मध्ये रविवारची पट्टी सुरू झाली आणि रंग भरणाऱ्यांनी जांभळा भरला. लेखकाला विचारलं वगैरे काही नाही. जंगलात जांभळा कपडा घालून लपणार कसा, हे कोणाच्या मनात आलं नाही. एकदा छापून आलं की आलं. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल. एकाच माणसाचे एवढे रंग आणि कोणत्याही देशातल्या वाचकाला विचाराल तर आपलाच खरा.

डोळ्यांचं म्हणाल तर फॉक ग्रीक पुतळ्यांचा दाखला द्यायचा. त्या अर्धपुतळ्यांच्या डोळ्यांत बुबुळं दिसत नाहीत आणि त्यामुळे चेहरा माणसापलीकडचा वाटतो. पुढे मुखवटेवाल्या निम्म्या दुनियेने ते उचललं.

---

बांधीवगठ्ठा

उशिरा आलो, पण इंद्रजालचं थोडं लिहायलाच हवं. मार्च १९६४ ला पहिला अंक, टाइम्स ऑफ इंडिया गटाचा. पहिले बत्तीस अंक सलग फँटमचेच. त्या खात्यात तेव्हा अनंत पै होते, जे १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा'कडे वळले. मराठी अंकात आपला तो वेताळ. भारतात मात्र फँटम त्याही आधीपासून होता, 'इलस्ट्रेटेड वीकली'त यायचा.

चित्रकारांच्या दृष्टीने महत्त्वाचं असं, की आपण वाचलेलं पान मूळ चित्रकाराने तसं रचलेलंच नव्हतं. पट्टी असते आडवी. अंकाचं पान उभं. मग पट्ट्या कापायच्या, चौकटी वरखाली चिकटवायच्या, कुठे फुगा मोठा करायचा, कुठे चित्राची कड छाटायची, कुठे अख्खी चौकट उडवायची. पानांची संख्या ठरलेली, त्यात कथा कोंबायची. आणि रोजच्या पट्टीत पहिल्या चौकटीला थोडी उजळणी असायची, काल काय झालं त्याची. सोमवारी तर जास्तच, कारण रविवारी भलतीच गोष्ट. सलग वाचताना ती उजळणी टोचते, म्हणून ती सगळ्यात आधी कात्रीखाली जायची. त्यामुळे मूळ पट्टीत सावकाश चालणारी गोष्ट आपल्याकडे धावत सुटायची.

मुखपृष्ठं मात्र इथली. बी. गोविंद यांची. मला तर आतल्या बॅरीपेक्षा वरचे गोविंद आधी आठवतात. तो घोडा उधळलेला, मागे आग, आणि रंग असे की दुकानात लांबून कळायचं नवा अंक आलाय. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरतींनी 'बहादूर' निर्माण केला तेव्हा त्याची चित्रंही गोविंद यांनीच काढली. आपल्या लहानपणच्या फँटमचं नाव बॅरी असं दौतटाक म्हणतात, मी त्यात अर्धं गोविंद असं घालीन.

---

दौतटाक

हे मान्य. गोविंद यांच्यावर वेगळा धागा निघायलाच हवा, आणि तो बांधीवगठ्ठा यांनीच काढावा.

१९९४ नंतरचं राहिलंय, ते सांगतो. बॅरी निवृत्त झाल्यावर ओलेसनचं नाव पट्टीवर आलं. दैनिकाला शाई कीथ विल्यम्सची, रविवारला फ्रेड फ्रेडरिक्सची. २००० पासून रविवार ग्रॅहम नोलनकडे. बॅटमॅनचा पाठकणा मोडणारा बेन ज्यांनी घडवला त्यांपैकी हा एक. २००५ मध्ये दैनिक पॉल रायनकडे आलं आणि थोड्याच वर्षांत रविवारही. रायन मार्व्हलच्या 'फँटास्टिक फोर'वर मुरलेला, त्यामुळे त्याचा फँटम भरदार, रेषा स्वच्छ. २०१६ च्या मार्चमध्ये तो अचानक गेला. दैनिक माइक मॅन्लीने उचललं, रविवार टेरी बेट्टीने आणि नंतर २०१७ पासून जेफ वायगेलने. मॅन्लीने शाई पुन्हा गडद केली. त्याच्या रात्रीच्या चौकटी बघताना मला मूर आठवतो.

लेखकाची बाजूही याच काळात हलली. फॉकने ६३ वर्षं फँटम लिहिला. मध्ये नाटकांची कंपनी चालवली, तरुण मार्लन ब्रँडोला आपल्या रंगमंचावर आणलं, जगभर भटकला, पण पट्टी सोडली नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून तो मजकूर सांगायचा. १३ मार्च १९९९ ला गेला. अर्धवट राहिलेल्या गोष्टी पत्नी एलिझाबेथ यांनी पूर्ण केल्या. त्यानंतर टोनी डीपॉल. हा मूळचा वार्ताहर. फँटमच्या कथा आधी स्वीडनच्या मासिकासाठी लिहायचा. तिथे १९५० पासून फँटमचं स्वतंत्र मासिक आहे आणि तिथल्या लोकांनी नव्या कथांचा मोठा कारखानाच उभा केला. ऑस्ट्रेलियातही १९४८ पासून एक प्रकाशन नेमाने फँटम छापतंय. खुद्द अमेरिकेत त्याला एवढा भाव कधीच नव्हता.

---

किरकिऱ्या

डीपॉल चांगला लिहितो, पण फार लांबवतो. डायना मेली असं फँटमला वाटतंय आणि ती तुरुंगात आहे, ही गोष्ट किती महिने चालली! रोज तीन चौकटी वाचणाऱ्या माणसाच्या वयाचा तरी विचार करावा.

आणि कृपा करून लग्नाबद्दल कोणीतरी बोला. १९३६ पासून प्रेमात, लग्न १९७७ ला. जुळी मुलं १९७९ ला. चाळीस वर्षं थांबलेली बाई ती. तिच्यावरही धागा काढा.

---

रानवाट

डायनावर मी काढते. त्यात तुम्हाला किरकिर करायला भरपूर जागा ठेवीन.

---

अडाणीप्रश्न

एक शेवटचं विचारते. मूळ पट्टीच्या रूपात वाचायचं तर कुठून सुरुवात करू? आणि चित्रकार बदलला हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

---

निळीशाई

१९३६ ची पहिली कथा वाचाच, सावल्यांसाठी. मग थेट १९६१-६२ च्या सांध्यावर जा. मकॉयच्या शेवटच्या काही पट्ट्या, मधला लिग्नांते, आणि लगेच बॅरीच्या पहिल्या. चेहरा बघू नका, चेहरा प्रत्येक जण आधीच्यासारखा काढायचा प्रयत्न करतो, नाहीतर वाचकांची पत्रं येतात. हात बघा. मकॉयची बोटं जोडलेली, हातमोज्यासारखी. बॅरीची बोटं वेगवेगळी, सांधे दिसतात आणि अंगठी बोटात खरोखर अडकलेली वाटते. कवटीची अंगठी उजव्या हातात, शुभचिन्हाची डाव्या. घाईगर्दीत ती कधी उलटसुलट झालेली सापडली तर इथे येऊन सांगा.

दुसरी खूण कान. मुखवट्याच्या टोपीत कान झाकलेले, त्यामुळे जबडा आणि मान जिथे मिळतात तिथे प्रत्येकाची लबाडी उघडी पडते.

---

छापखाना_जुना

मँड्रेकचं कोणी काढलं नाही म्हणून सांगतो. तो फँटमपेक्षा दोन वर्षांनी मोठा, लेखक तोच, सिंडिकेट तेच. डेव्हिस १९६४ मध्ये वारला, १९६५ पासून फ्रेडरिक्सने काढला. तोच फ्रेडरिक्स जो फँटमच्या रविवारला शाई द्यायचा. फॉक गेल्यावर मँड्रेकचं लिहिणंही त्याच्याकडेच आलं. २०१३ च्या जुलैमध्ये तो थांबला, चालू गोष्ट अर्ध्यावर असताना. सिंडिकेटने पुढचा माणूस नेमलाच नाही, दुसऱ्या दिवसापासून जुन्याच पट्ट्या फिरवायला लागले.

---

दौतटाक

ती अर्धी गोष्ट पुढे कोणीच पूर्ण केली नाही का?

---

छापखाना_जुना

मी पाहिली नाही. मँड्रेकचा धागा काढलात तर फ्रेडरिक्सच्या शाईवर मी लिहीन. रविवारच्या फँटमशी ताडून बघायची पानं काढून ठेवली आहेत.